नातीच्या पाठीवरचे साडेनऊ किलो

सोमवार, ता. ३ नोव्हेंबर
पहाटे पाच वाजता उठलो. मोंढ्यापर्यंत पायी जाऊन आलो. प्रकृती ठीक.

चि. ऋतुजा काल गेवराईच्या एका कार्यक्रमाचे फोटो काढून परतली. आज सकाळी तिचा डावा हात डोक्याच्या वर जाईना. वेणी तिच्या आईने घातली. कॅमेऱ्याची पिशवी ती चार वर्षांपासून एकाच खांद्याला अडकवते. हे योग्य नाही, असे मी तिला दोन वर्षे सांगत आहे. आज डॉक्टरांनी तेच सांगितले. त्यांचे तिने लगेच ऐकले.

पुण्याच्या काही मंडळींनी तिला सह्याद्रीत दहा दिवस पायी हिंडून फोटो काढण्याचे काम दिले आहे. निघायचे ता. २२ ला. चि. बबन (माझा मुलगा, तिचे वडील) जेवताना म्हणाला, "हात वर जाईना अन् डोंगर चढायला निघालीस व्हय? फोन कर अन् न्हाई म्हणून सांग."
ती म्हणाली, "पप्पा, एकदा न्हाई म्हणलं की दुसऱ्यांदा कोण बोलावतंय?"

बबनने अट घातली. ता. २० पर्यंत सगळे सामान पाठीवर घेऊन कपिलधारच्या धबधब्याच्या पायऱ्या उतरून, थांबल्याशिवाय परत चढून दाखवायच्या. तेही त्याच्या डोळ्यांसमोर. तरच जायचे.

नंतर ती माझ्या खोलीत आली. "आबा, दोन्ही खांद्यांवर घ्यायची बॅग आणायची हाय. कशी घ्यावी ते तुमी सांगा."

चाळीस वर्षे मी बीडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हमाली केली. त्यातील एकवीस वर्षे टोळीचा मुकादम होतो. शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढलेला मनुष्य आहे मी. ओझ्याविषयी या घरात कोणाला विचारावे, हे मुलीला कळले. समाधान वाटले.

मंगळवार, ता. ४
सामानाचे वजन केले. कॅमेरा, तीन लेन्स, तिपाई, बॅटऱ्या, पाणी, एक जर्किन. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर साडेनऊ किलो. दुकानदाराने गंमत केली, "मुकादम, एवढ्याशा ओझ्यासाठी काटा? तुमी तर क्विंटल उचलीत होता."
मी म्हणालो, "ओझे मोजल्याशिवाय उचलायचे नसते."

सुतळीने चि. ऋ. च्या पाठीचे माप घेतले. मानेच्या वर आलेल्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत दोन विती आणि एक बोट. सुतळीला गाठ मारून खिशात ठेवली.

बुधवार, ता. ५
बाजारात तीन दुकाने पाहिली. सुतळी प्रत्येक बॅगेच्या पाठीला लावली. दोन बॅगा लांब निघाल्या. तिसरीची पाठ गादीसारखी मऊ. दुकानदार सारखा म्हणत होता, "दाबून तर बघा काका, काय सॉफ्ट हाय!" मी कोपराने दाबली. कोपर आत गेले. त्याला समजावून सांगितले, जिच्यात कोपर जाते तिच्यातून तासाभराने तिपाईसुद्धा पाठीत जाते. पाठीला ताठ फळी हवी, मऊपणा तिच्यावर बोटभर पुरे.
"काका, तुमी कंपनीत होता का?"
"मोंढ्यात होतो," असे उत्तर दिले.

काही घेतले नाही. चि. ऋ. म्हणाली, मोबाइलवरून मागवू. मापे मी सांगितली, तिने शोधली.

शनिवार, ता. ८
बॅग आली. करड्या रंगाची. माझे परीक्षण पुढीलप्रमाणे.
पाठ ताठ आहे. सुतळी बरोबर बसली. तोंड पाठीच्या बाजूला उघडते, समोर नाही. हे मला फार आवडले. बॅग चिखलात ठेवली तर मळते ती बाहेरची बाजू, पाठीला लागणारी नव्हे. शिवाय गर्दीत मागून कोणी हात घालू शकत नाही.
सामान मी लावले. सर्वांत जड लेन्स पाठीला चिकटून, दोन फऱ्यांच्या (खांद्यामागच्या हाडांच्या) मध्ये. पाणी बाहेरच्या अंगाला. चि. ऋ. म्हणाली, "आबा, यूट्यूबवर पण असंच सांगत्यात." यूट्यूबवाल्यांना आमच्या टोळीत घ्यायला हरकत नाही.

एकच गोष्ट पटली नाही. बॅगेला कमरेचा पट्टा आहे. रुंद, दोन्ही बाजूंनी पोटावर येतो आणि मध्ये बकलाने बंद होतो. म्हणजे ओझे माणसाला बांधून टाकण्याची सोय.
माझ्या टोळीचा पहिला नियम होता: ओझे अंगावर घ्यावे, अंगाला बांधू नये. पाय घसरला तर ओझे सुटले पाहिजे, माणूस राहिला पाहिजे.
चि. ऋ. ला नियम सांगितला. ती म्हणाली, "पण आबा, सगळ्यांच्या बॅगेला असतो." मी पुन्हा सांगितला. ती म्हणाली, "बरं. तुमच्या मनासारखं करा." ती आजपासून चार दिवस परळीला कामावर.

रविवार, ता. ९
बसस्थानकाजवळ रफिकभाई यांच्याकडे गेलो. पूर्वी ते मोंढ्यात फाटकी पोती शिवत. आता गाड्यांच्या सीटा आणि बॅगा शिवतात. आमची ओळख तीस वर्षांची. त्यांना म्हणालो, हा पट्टा काढा.
त्यांनी बॅग उलटसुलट केली. "मुकादम, कायकू काढता? कंपनीने कुछ सोच के लगाया होगा."
"कंपनीने पोते उचललेले नाही."
"वो तो सही है. मगर मैं कापणार न्हाई. टाके उसवतो. पट्टा मेरे पास रहेगा."
"तुम्ही ठेवून काय कराल?"
"मेरी मर्जी."
वाद घातला नाही. काम स्वच्छ केले आहे. पट्टा कोठे होता ते आता ओळखूसुद्धा येत नाही. घरी येऊन बॅग स्वतः पाठीवर घेतली, मोंढ्यापर्यंत गेलो आणि आलो. काही त्रास नाही. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. समोरून आलेल्या दोन जुन्या हमालांनी थांबून नमस्कार केला. एकाने विचारले, "मुकादम, पुन्यांदा कामावर का काय?"
प्र. ठीक.

बुधवार, ता. १२
चि. ऋ. परत आली. बॅग पाहिली. जेथे पट्टा होता तेथे अंगठा फिरवला. क्षणभर माझ्याकडे पाहिले.
"काढला व्हय आबा."
"काढला. आता मोकळी झालीस."
"हं."
चहा घेतला. नंतर तिच्या आईकडून कळले की पसंत नसती तर दहा दिवसांत बॅग परत करता येत होती. आता टाके उसवल्यामुळे कंपनी ती घेणार नाही. चि. ऋ. मला याविषयी काही बोलली नाही. मीही विचारले नाही.

शुक्रवार, ता. १४
दोन दिवस ती ओझे घेऊन गच्चीचा जिना चढते-उतरते. खांद्याला तेल लावून देण्याचे काम सूनबाईंकडे. हात आता डोक्यावर जातो. आज वेणी स्वतः घातली.
मी तिला हमालाची चाल शिकवली. गुडघे किंचित वाकवावेत, पुढे झुकावे, नजर तीन पावलांपुढे. तिला लवकर जमले. आमच्या टोळीत आलेल्या तगड्या गड्यांना हे शिकायला महिना लागत असे.
बबन पाहून गेला.

रविवार, ता. १६
कपिलधार. बबन, चि. ऋ. आणि मी. यात्रा नुकतीच होऊन गेली असल्यामुळे गर्दी बेताची. धबधबा बारीक.

जे घडले ते क्रमाने लिहितो.
उतरताना ठीक. खाली तिने फोटो काढले. कॅमेरा डोळ्याला लावायचा तर ताठ उभे राहावे लागते. ती ताठ झाली की बॅग तिला मागे ओढत होती, हे मी पाहिले, पण तेव्हा मनावर घेतले नाही. वर चढताना निम्म्यात तिची चाल मोडली. उजवा हात डाव्या खांद्यावर गेला. आणखी दहा-बारा पायऱ्यांवर ती थांबली. बबन वरून ओरडला, "झालं का? बघितलं का?"
ती चढून आली, पण थांबली ती थांबलीच. अट मोडली.
बबन म्हणाला, "माझं म्हणणं काय व्हतं? खांदा गेलाय पोरीचा. आता बास."
मी विचारले, "बॅगेमुळे दुखले का?"
ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बॅग चांगली हाय, आबा. खांदाच अजून कच्चा हाय."

ती खोटे बोलली, आणि ते माझ्यासाठी.

सोमवार, ता. १७
पहाटे तिची बॅग घेऊन बाहेर पडलो. मोंढ्याकडे नाही, खंडेश्वरीच्या देवळाच्या चढाने गेलो. वाकून चाललो तोपर्यंत सुख. मग तिच्यासारखा ताठ झालो आणि हात डोळ्यांशी धरले, जणू फोटो काढतो आहे. शंभर मोजेपर्यंत तसाच उभा राहिलो. साठाच्या पुढे खांद्याच्या पट्ट्या रुतू लागल्या. शंभरला डावा हात बधिर झाला.

आता जे समजले ते लिहितो. मी ओझे घेतले ते ट्रकपासून थप्पीपर्यंत. चाळीस पावले. टाकले, पाठ मोकळी, पुन्हा दुसरे. तिला ओझे टाकायचे नाही. सकाळी घ्यायचे ते संध्याकाळपर्यंत अंगावर ठेवायचे, आणि ते अंगावर असतानाच दुसरे काम करायचे. तेही ताठ उभे राहून. कमरेचा पट्टा वजन खांद्यावरून काढून कमरेच्या हाडावर देतो. खांद्यांनी फक्त बॅग मागे पडू द्यायची नाही. एवढेच काम त्यांचे. मी तेच हाड सुतळीने मोजले होते, आणि तेथपर्यंत जाणारा पट्टा मीच काढून टाकला.
माझी चूक झाली. वरचे ता. ९ चे लिहिणे खोडत नाही. हजेरीच्या वहीत मी कधी खाडाखोड केली नाही.

दुपारी.
नियम कोठून आला तेही लिहून ठेवतो. याआधी कोठे लिहिले नाही.
नामदेव म्हणून माझ्या टोळीत एक गडी होता. एकदा त्याचा उजवा हात सुजला होता. पोते धरता येईना, म्हणून त्याने ते दोरीने छातीला बांधून घेतले. ट्रक रांगेत उभे होते. मी मुकादम. मी त्याला फळीवर चढताना पाहिले, दोरी पाहिली, आणि बोललो नाही. फळी हलली. पोते खाली गेले आणि त्याच्यासोबत तो. त्यानंतर तो अंथरुणावरून उठला नाही. नियम मी दुसऱ्या दिवशी केला आणि पुढे मुकादम असेपर्यंत एकालाही मोडू दिला नाही. नियमाचा मला अभिमान आहे. तो एक दिवस उशिरा केला, हे मी कोणाला सांगितले नव्हते.

मंगळवार, ता. १८
सकाळी चहाच्या वेळी सर्वांसमोर बबनला सांगितले, "कपिलधारला पोरीचा खांदा गेला नाही. बॅगेचा कमरेचा पट्टा मी काढून टाकला होता. त्यामुळे दुखले. दोष माझा."
बबन कप हातात धरून बसला. अठ्ठेचाळीस वर्षांत माझ्या तोंडून हे वाक्य त्याने ऐकलेले नाही. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.
"कावून काढला?" त्याने विचारले.
नामदेवचे सांगितले. दोरीचेही सांगितले.
कप खाली ठेवून तो म्हणाला, "गुरवारी परत जाऊ. पण ह्या बारीला थांबली तर मग काही ऐकायचो न्हाई."
"ठीक."

चि. ऋ. ने मोबाइलमध्ये त्या बॅगेचे चित्र दाखवले. "आबा, ह्याचं बक्कल बघा. दोन बाजूंनी दाबलं की सुटतं. एका हातानं. ही दोरी न्हाई."
हे मला आधी पाहायला हवे होते. मी पट्टा पाहिला, बक्कल पाहिले नाही.

रफिकभाईंकडे गेलो. मी काही बोलण्यापूर्वीच त्यांनी खणातून पट्टा काढून ठेवला. कागदात गुंडाळलेला होता.
"नऊ दिन लगे, मुकादम. मी आठ समजा था."
"हसा."
"हसत न्हाई. चाय पिता का?"
दुहेरी टाके, मेण लावलेला दोरा, जेथे ताण येतो तेथे चौकोनात फुली. मी शेजारी बसून प्रत्येक टाका पाहिला. दोनदा उसवायला लावले. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "अब हात लगाया तो तुमच शिवो." तेव्हा थांबलो. शेवटी पट्टा धरून बॅग दोघांनी दोन्हीकडून ओढली. हलली नाही. कंपनीच्या शिलाईपेक्षा मजबूत आहे, असे माझे मत आहे.

बुधवार, ता. १९
चि. ऋ. कडून अंगणात सराव करून घेतला. बॅग पाठीवर, कमरेचा पट्टा बंद. मी टाळी वाजवायची. टाळीसरशी बक्कल सुटून बॅग खाली आली पाहिजे. खाली सूनबाईंनी गोधडी अंथरली. कॅमेरा काढून आत ज्वारीच्या पिशव्या भरल्या, वजन तेवढेच.
पहिल्या वेळी मी चारपर्यंत मोजले. मग तीन. नंतर डाव्या हाताने. नंतर ओल्या हाताने. मग डोळे मिटून.
"आबा, आता झोपेत पण सुटंल!"
"झोपेत नको. घसरताना सुटले पाहिजे."
मी पाठीमागे जाऊन न सांगता टाळी वाजवली. बॅग गोधडीवर. एकापर्यंतही मोजून झाले नव्हते. सूनबाई हसून म्हणाल्या, "आत्याबाई असत्या तर म्हणल्या असत्या, ह्यांनी पोरीला लष्करात घातलं." आत्याबाई म्हणजे माझी सौ.; तिला जाऊन सहा वर्षे झाली. ती असती तर तिने माझी गोधडी अंगणात अंथरू दिली नसती.

मग मी स्वतः पट्टा बांधून पाहिला. साडेनऊ किलो कोठे गेले, कळलेच नाही. असा पट्टा आमच्या वेळी असता तर माझ्या टोळीच्या निम्म्या माना आज सरळ असत्या.

गुरुवार, ता. २०
कपिलधार. बबनने हातात घड्याळ धरले होते. ते अटीत नव्हते.
उतरली, फोटो काढले, ताठ उभी राहून. चढली. निम्म्यावर, जेथे रविवारी थांबली होती, तेथे वेग कमी झाला. बबन माझ्याकडे पाहत होता. मी तिच्या कमरेकडे पाहत होतो. टाके दिसणे शक्य नव्हते, तरी पाहत होतो.
थांबली नाही.
वर आली तेव्हा घाम होता, पण हात खांद्यावर नव्हता. बबन घड्याळ खिशात ठेवत म्हणाला, "आबाची पोरगी हाय." बस, एवढेच. चि. ऋ. म्हणाली, "पप्पा, मी तुमची पोरगी हाय." तो म्हणाला, "ते बी हाय."

एका भाविकाने तिला विचारले, "ताई, बॅग भारी हाय, कुठून घेतली?"
तिने माझ्याकडे बोट केले. "माप ह्यांनी घेतलं अन् शिलाई बीडची."
प्र. उत्तम.

शनिवार, ता. २२
सकाळच्या गाडीने चि. ऋ. पुण्याला रवाना. बसस्थानकावर रफिकभाईही आले. शिलाई एकदा चाचपली, दोरा ओढून पाहिला.
बसमध्ये चढताना तिने पट्टा बांधला नव्हता. मी खिडकीपाशी जाऊन सांगितले. ती म्हणाली, "आबा, बसमध्ये कशाला?" बरोबर आहे. तरी सांगितले.

रविवार, ता. २३
सकाळी फोन. पायथ्याच्या गावात पोहोचली. उद्या सहा वाजता चढायला सुरुवात. पुढे तीन दिवस रेंज नाही. वाटेत एक कातळाचा टप्पा आहे, तो ओला असतो, असे तिच्या सोबतच्या कोणी सांगितले. मी विचारले, बक्कल कोणत्या हाताने उघडशील? "डाव्या. उजवा धरायला." उत्तर बरोबर.

दुपारी फोटो आला. उन्हात एका खडकावर तिची सावली, पाठीवर बॅग. चष्मा लावून पाहिली, मोठी करून पाहिली. सावलीत पट्टा बांधला आहे की नाही ते कळत नाही. बबनलाही दाखवली. त्यालाही कळले नाही.

सोमवार, ता. २४
पाच वाजता उठलो. मोंढ्याकडे गेलो नाही. अंगणात खुर्ची टाकून बसलो. घड्याळात सहा झाले तेव्हा उठून उभा राहिलो आणि एकदा टाळी वाजवली.
आतून सूनबाईंनी विचारले, "काय झालं आबा?"
चिमण्या हुसकावल्या, असे सांगितले.